एकाच रेसला गाडी अडखळते? टीपीएसचा स्क्रू सैल करण्याआधी हे मोजा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. गाडी एका सेल्फला सुरू होते, पिळली तर पळते, पण ४०-५० च्या वेगात रेस स्थिर धरली की बारीक झटके देते. किंवा सिग्नलला उभी असताना आयडल कधी १,२००, कधी २,०००. प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली. चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. मग कोणीतरी ‘टीपीएस सेट करून घे’ म्हणतं (टीपीएस म्हणजे मूठ किती पिळली हे सांगणारा सेन्सर) आणि कारखान्यातून रंगाचा ठिपका लावून आलेला स्क्रू फिरतो. आता दोष एकाचे दोन झाले. मूळचा होताच, त्यात चुकीच्या सेटिंगची भर पडली.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यापासून १०० सीसीची साधी गाडीही फ्युएल इंजेक्शनवर आली. त्यामुळे थ्रॉटल पोझिशन सेन्सर म्हणजे टीपीएस हा आता फक्त महागड्या गाड्यांचा विषय उरलेला नाही.

सेन्सर नेमकं काय सांगतो

थ्रॉटल बॉडीच्या बाजूला, बटरफ्लायच्या (मूठ पिळल्यावर उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) दांड्यावर बसवलेला हा छोटा काळा डबा. आत जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणासारखी कार्बनची पट्टी आणि तिच्यावर फिरणारा संपर्क. वायरी तीन: ईसीयूकडून (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडून) येणारे ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. मूठ बंद असताना सिग्नल साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट असतो, पूर्ण पिळल्यावर ४ व्होल्टच्या आसपास जातो. नेमके आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच धरायचे. बंद असताना सिग्नल शून्य का नसतो? वायर तुटली तरी सिग्नल शून्यच दिसेल. ‘मूठ बंद आहे’ आणि ‘वायर तुटली आहे’ यांतला फरक ईसीयूला कळावा म्हणून खाली आणि वर मुद्दाम जागा सोडलेली असते.

बंद मुठीचा हा आकडा ईसीयूचा पाया असतो. तो पाहून ईसीयू ठरवतो की आता आयडल सांभाळायचं, आणि उतारावर मूठ सोडली तर पेट्रोल तोडायचं. आकडा खऱ्यापेक्षा जास्त आला तर ईसीयूला वाटतं रेस थोडी दिलेलीच आहे. मग आयडलचा नियम लागूच होत नाही, आयडल वर तरंगतं आणि मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, कारण पेट्रोल तोडलंच जात नाही. उलट आकडा कमी आला तर रेस थोडी दिलेली असूनही ईसीयू ती बंद समजतो. दुसऱ्या गिअरमध्ये ट्रॅफिकमधून हळू जाताना पेट्रोल तुटतं-सुरू होतं, तुटतं-सुरू होतं, आणि गाडी घोड्यासारखी उधळते.

फरक किती लागतो याचा हिशोब सोपा आहे. बंदला ०.६ आणि पूर्ण उघडल्यावर ३.९ धरलं तर मधला पल्ला ३.३ व्होल्टचा. त्यातला ०.१ व्होल्ट म्हणजे सुमारे ३ टक्के. ८० टक्के रेसवर ३ टक्क्यांची चूक जाणवणारही नाही. पण आयडलजवळ बटरफ्लाय मुळात उघडलेलीच जेमतेम असते, तिथे ३ टक्के म्हणजे सगळाच गोंधळ. म्हणून चुकीचं टीपीएस सेटिंग नेहमी कमी रेसवर त्रास देतं. ‘८० च्या पुढे गाडी दम तोडते’ ही तक्रार असेल तर टीपीएस सोडा आणि पेट्रोल पंपाची जाळी व प्रेशर बघा.

पट्टी झिजण्याचा प्रकार वेगळा. गाडीचं बरंचसं आयुष्य एकाच रेसवर जातं, त्यामुळे संपर्क पट्टीच्या एकाच जागी घासत राहतो. तिथे कार्बन उडाला की त्या ठिकाणी सिग्नल क्षणभर खाली कोसळतो. मूठ जराशी पुढे-मागे केली की दोष गायब. हा दोष कितीही सेट केला तरी जात नाही. सेन्सर फिरवला तर खराब जागा फक्त थोडी सरकते, आणि तीच ती ‘चार दिवस बरं वाटलं’ची गोष्ट.

आधी चिकटपट्टी

मल्टिमीटरच्या आधी दहा रुपयांची चिकटपट्टी काढा. मुठीच्या रबरावर एक बारीक पट्टी आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर तिच्यासमोर दुसरी. स्विचच्या डब्यावर पेनाने बंद, पाव, अर्धी अशा खुणा करा. रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी गरम करून तिसऱ्या गिअरमध्ये झटका येतो ती खूण लक्षात ठेवा. मग तेच चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये.

झटका प्रत्येक गिअरमध्ये मुठीच्या त्याच खुणेवर आला, आरपीएम काहीही असो, तर संशय टीपीएसवर. मूठ कुठेही असो पण आरपीएम तेच असेल, तर इग्निशन, पिकअप कॉइल किंवा व्हॉल्व्हकडे वळा. आणि फक्त चढावर, डबलसीट, जोर लागतो तेव्हाच येत असेल तर पेट्रोलचा पुरवठा किंवा जोर आल्यावर गळणारा स्पार्क. या एका चाचणीने निम्मी खोलाखोल वाचते.

इंजिनचा दिवा लागला नाही म्हणून टीपीएस ठीक, असं समजू नका. सिग्नल ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर काही काळ राहिला तरच ईसीयू दोषाचा कोड नोंदवतो. क्षणाच्या छोट्याशा खड्ड्याची दखल तो घेईलच असं नाही. कोड असलाच तर वाचून घ्या. पी०१२२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०१२३ म्हणजे फार जास्त. दिवा लुकलुकवून कोड सांगणाऱ्या गाड्यांत सीबीआर २५०आर सारखी होंडा ८ वेळा, यामाहात १५ किंवा १६, सुझुकीच्या मीटरवर सी१४. पी०१२३ दिसला तर एक लक्षात ठेवा: सेन्सरची अर्थची वायर तुटली तर सिग्नल थेट ५ व्होल्टला जाऊन चिकटतो. नवा सेन्सर मागवण्याआधी अर्थ बघा.

टीपीएसचं नाव घेऊन येणारे बाकीचे दोष

पावसाळ्यात टाकीच्या झाकणाभोवतालचं पाणी काढून टाकणारं छोटं भोक चिखलाने बुजतं आणि पाणी टाकीत उतरतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, पण त्यापुढे इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळं बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. काचेच्या बाटलीत तळातलं पाव लिटर काढून अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा, बाकी काहीही नंतर.

थ्रॉटल बॉडी आणि हेडच्या मधला रबरी मॅनिफोल्ड चिरला की बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि आयडल वर-खाली होतं. गाडी आयडलवर ठेवून रबराच्या सांध्यावर फवारणीच्या बाटलीने बारीक पाणी मारा. आरपीएम बदलला तर गळती तिथेच आहे. कार्ब क्लीनर मारून बघण्याची पद्धत जास्त प्रचलित आहे, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी तो पेट घेतो. पाण्याने काम भागतं.

टॅपेट घट्ट असतील, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी असेल, तर थंड असताना गाडी बरी चालते आणि गरम झाल्यावर आयडल ढासळतं. टॅपेट थंड इंजिनलाच मोजायचे. आयडलच्या हवेचा व्हॉल्व्ह काजळीने अडकला तर मूठ सोडताच गाडी बंद पडते, पण थोड्या रेसवर काहीच तक्रार नसते. आणि बॅटरी: उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल, किंवा ४,०००-५,००० आरपीएमला १३.८ ते १४.५ च्या बाहेर जात असेल, तर आधी चार्जिंगचं काम करा. हलत्या व्होल्टेजवर कुठल्याही सेन्सरचं मोजमाप करण्यात अर्थ नाही.

मूठ आणि केबलही तपासा. मुठीला २ ते ६ मिमी मोकळी चाल हवी. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवल्यावर आयडल वाढत असेल तर केबल ताणली जाते आहे, सेन्सरचा काही संबंध नाही.

मोजणी

डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, दोन लांब टाचण्या आणि कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) पिना खुपसणार नाही एवढा संयम. टाचणी नेहमी कपलरच्या मागच्या बाजूने, वायरच्या कडेने, रबरी सीलमधून सरकवायची. समोरून घातली तर पिनांच्या पाकळ्या रुंदावतात आणि महिनाभरात तुम्हीच नवा दोष जन्माला घालता. वायर सोलायचीही नाही. सोललेल्या जागी पहिल्याच पावसात हिरवा गंज धरतो.

चावी ऑन, किल स्विच ऑन, इंजिन बंद. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर. ५ व्होल्टच्या वायरवर ४.७५ ते ५.२५ मिळायला हवेत. मग सेन्सरच्या अर्थच्या वायरवर लाल पिन लावा. इथे जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे, ०.०५ व्होल्टच्या आत. इथे बऱ्याच गॅरेजमध्ये घाई होते. अर्थवर ०.१५ किंवा ०.२ व्होल्ट दिसत असतील तर सिग्नलही तेवढाच वर उचलला जातो. मेकॅनिक ०.७५ वाचतो, सेन्सर फिरवून ०.६० करतो, आणि पुढे कधीतरी कोणी अर्थ साफ केला की सेटिंग खाली घसरलेलं असतं. दोष होता अर्थच्या गंजलेल्या बोल्टमध्ये. सँडपेपरने जागा घासा, बोल्ट कसा, पुन्हा मोजा.

आता सिग्नल. मूठ बंद, आकडा लिहून घ्या. मूठ पाच-सहा वेळा पिळून झटकन सोडा आणि प्रत्येक वेळी आकडा बघा. ०.०१-०.०२ च्या फरकाने तोच यायला हवा. कधी ०.६१, कधी ०.६८ येत असेल तर बटरफ्लाय नीट बंद होत नाही. कडेला काजळीचा थर असेल, स्प्रिंग सैल असेल नाहीतर केबल कोरडी असेल. सेन्सर बरोबरच सांगतो आहे, त्याला फिरवू नका.

मग मूठ अतिशय हळू, दहा सेकंदांत बंदपासून पूर्णपर्यंत. आकडा एकसारखा चढला पाहिजे, मध्ये थांबता किंवा मागे येता कामा नये. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो, त्यामुळे बारीक खड्डा सुटून जातो. यासाठी काट्याचा जुना मल्टिमीटर सरस. काटा चढताना क्षणभर थरथरला किंवा खाली पडला की ती झिजलेली जागा. चिकटपट्टीवरची खूण आणि ही जागा जुळली तर निदान झालं. डिजिटल मीटरला किमान-कमाल पकडायची सोय असेल तर तीही चालते. थ्रॉटल बॉडीवर बोटाने हलकी टिचकी मारत, कपलर हलवत तीच चाचणी पुन्हा करा. गरम झाल्यावरच दोष येत असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने सेन्सर तीन-चार मिनिटं तापवा आणि परत मोजा.

ओम मोजायचे असतील तर चावी बंद, कपलर काढून, दोन टोकांच्या पिनांमध्ये. पट्टीचा सेन्सर साधारण काही हजार ओम दाखवतो. नवे चुंबकीय सेन्सर मात्र ओमवर मोजूच नयेत, त्यांत पट्टी नसते आणि येणारा आकडा निरर्थक असतो. व्होल्टची चाचणी दोघांनाही लागू.

सेट करणं, सेट होत असेल तर

सेन्सरचे स्क्रू बघा. भोकं लांबट असतील तरच तो फिरवण्यासाठी बनवला आहे. गोल भोकं असतील तर सेटिंग नाही. मोजमाप चुकलं तर कारण दुसरीकडे आहे किंवा सेन्सर गेला आहे. गोल भोकं कानसीने लांबवून दिलेल्या गाड्याही पाहायला मिळतात. असली कारागिरी करू नये. काही थ्रॉटल बॉडींवर टीपीएस, हवेचा दाब आणि हवेचं तापमान हे तिन्ही सेन्सर एकाच डब्यात असतात. तो डबा उघडायचाच नाही.

दुसरी गोष्ट, मॅन्युअलमधला आकडा कुठल्या अवस्थेतला आहे ते वाचा. काही कंपन्या बटरफ्लाय पूर्ण मिटलेली, म्हणजे स्टॉप स्क्रू मागे घेऊन आणि केबल सैल करून, तेव्हाचा आकडा देतात. काही इंजिन गरम करून ठरलेल्या आयडलला बसवलेल्या अवस्थेतला. दोघांत गल्लत झाली तर सेटिंग नेमकं आयडलच्या उघडीपीएवढं चुकतं. बटरफ्लायच्या स्टॉप स्क्रूवर रंग असेल तर तो कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून बसवलेला आहे, आयडल वाढवण्यासाठी तो फिरवायचा नाही.

फ्युएल इंजेक्शनवर आलेल्या दुसऱ्या पिढीच्या एसव्ही६५० आणि पहिल्या पिढीच्या व्ही-स्ट्रॉम ६५० मध्ये हे काम मल्टिमीटरशिवाय होतं. सीटखालच्या तपासणीच्या कपलरमधल्या दोन पिना जोडल्या की गाडीच्या मीटरवर सी०० येतं आणि त्याच्या डाव्या बाजूला एक आडवी रेघ. इंजिन गरम, आयडल १,३०० ला बसवलेलं. रेघ मध्ये असेल तर सेटिंग बरोबर. वर किंवा खाली असेल तर सेन्सर किंचित फिरवून ती मध्ये आणायची. आयडल आधी, टीपीएस नंतर, हा क्रम उलटला तर रेघ मध्ये दिसूनही गाडी झटके देत राहते.

बाकीच्या गाड्यांना मल्टिमीटरनेच:

१. सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीवर आरपार अणकुचीदार सुईने एक रेघ ओढा. मार्करची रेघ पेट्रोलने पुसली जाते.

२. स्क्रू अर्धा वळसाच सैल करा. बऱ्याचदा तो मध्ये खुंटी असलेला टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचा) असतो, त्याला मध्ये भोक असलेलं बिट लागतं. साधं बिट ठोकून घातलं तर डोकं गोल होतं.

३. सिग्नल मीटरवर ठेवून सेन्सर अगदी थोडा, केसभर फिरवा. मूठ दोन-तीनदा पिळून सोडा, मग वाचा.

४. स्क्रू कसताना सेन्सर त्याच्याबरोबर थोडा फिरतो आणि आकडा ०.०१-०.०३ ने सरकतो. म्हणून दोन्ही स्क्रू आलटून-पालटून थोडे-थोडे कसा आणि शेवटी पुन्हा मोजा. स्क्रू लहान आणि आटे अ‍ॅल्युमिनियमचे. पाना मनगटाने नाही, दोन बोटांनी.

५. पूर्ण उघडल्यावरचा आकडाही तपासा. बंदचा बरोबर आणि पूर्णचा फार कमी येत असेल तर केबल बटरफ्लाय पुरती उघडत नाही.

सेन्सर बदलताना दांड्याचं सपाट टोक आणि सेन्सरच्या आतली जीभ जुळवून घ्यावी लागते. बऱ्याच सेन्सरमध्ये आत स्प्रिंग असतो. डबा थोडा तिरका लावून, मग स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवून भोकं जुळतात. जीभ चुकीच्या बाजूला अडकली तर मूठ जड लागते किंवा आकडा सुरुवातीलाच २-३ व्होल्ट येतो. जोर करून स्क्रू लावलात तर जीभ तुटते. ओ-रिंग नवी घाला.

नंतर ईसीयूला कळवायचं

काही ईसीयू दर वेळी चावी ऑन झाल्यावर बंद मुठीचा आकडा स्वतः टिपून घेतात, म्हणून चावी फिरवताना मूठ पिळून धरण्याची सवय सोडा. काहींना रीसेट द्यावा लागतो. सीबीआर २५०आर ला आधी कोड पुसायचे, तपासणीचा कपलर शॉर्ट करायचा, इंजिनच्या तापमानाच्या सेन्सरचा कपलर काढून त्याच्या दोन पिना वायरीने जोडायच्या, चावी ऑन करायची आणि दिवा लुकलुकत असताना १० सेकंदांच्या आत ती वायर काढायची. लुकलुकण्याची लय बदलली की नोंद झाली. वेळ चुकली तर चावी बंद करून पहिल्यापासून.

२०१७ नंतरची ड्यूक ३९० किंवा बीएस-६ ची अपाचे आरआर३१० अशा मोटरवर चालणाऱ्या थ्रॉटलच्या गाड्यांत बोटाने बटरफ्लाय ढकलायची नाही, आतले दातेरी गिअर प्लास्टिकचे असू शकतात. तिथे मुठीला वेगळा सेन्सर, बटरफ्लायला वेगळा, आणि प्रत्येकात दोन-दोन सिग्नल एकमेकांशी ताडून पाहिले जातात. सेट करण्यासारखं हाताशी काहीच नसतं. कपलर, अर्थ आणि बॅटरी एवढंच बघायचं.

थ्रॉटल बॉडी साफ करताना सेन्सरची बाजू वर ठेवा. स्प्रे थेट आत ओतण्यापेक्षा कापडाला लावून पुसा. ओतलेला स्प्रे दांड्याच्या कडेने सेन्सरमध्ये उतरतो, पट्टीवरचं ग्रीस धुऊन नेतो आणि साफसफाईनंतर पंधरा दिवसांनी झटके सुरू होतात. प्रेशर वॉशरची धारही त्या बाजूला नको.

हे सगळं बरोबर निघालं, काट्याचा मीटर एकसारखा चढला, तरी मूठ उघड-बंद करताना धक्का बसतोच आहे? मग मेन स्टँडवर मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. चेन २०-३० मिमीपेक्षा जास्त झुलत असेल तर ती ढिली आहे, आणि चेन ताठ असूनही चाक स्प्रॉकेटच्या आत खडखडत असेल, तर हबमधली रबरं गेली आहेत. पेट्रोल तुटल्यासारखाच वाटणारा तो धक्का मागून येतो आहे.